मृत स्नायूंतील वीज : हडपसरच्या लढाईच्या वर्षापासूनचा परिभाषेचा इतिहास

इ. स. १८०२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २५ तारखेस, ऐन दिवाळीच्या दिवसांत, पुण्याच्या पूर्वेस हडपसर, घोरपडी व वानवडी या गावांच्या परिसरात यशवंतराव होळकरांच्या फौजेने शिंदे व पेशवे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. या लढाईची कारणे आणि परिणाम मराठी इतिहासाच्या अभ्यासकांस नव्याने सांगावयास नकोत. विठोजी होळकरास १८०१ मध्ये पुण्यात दिलेला क्रूर देहदंड, यशवंतरावांची दक्षिणेकडील चाल, दुसऱ्या बाजीरावाचे सिंहगडाकडे व तेथून कोकणात पलायन, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस इंग्रजांशी झालेला तह, ही साखळी परिचित आहे. प्रस्तुत विवेचनास त्या लढाईतील एक अगदी गौण गोष्ट पुरेशी आहे. ती म्हणजे लढाई संपल्यावर माणसे मोजण्याची भाषा.

मराठी बखरींत व लष्करी पत्रव्यवहारांत लढाईचा हिशेब दोन रकान्यांत मांडला जातो : ठार आणि जखमी. ‘कामास आले’, ‘पडले’, ‘ठार जाहले’ अशा शब्दयोजना बदलतात, पण रकाने दोनच राहतात. माणूस एकतर जिवंत असतो किंवा नसतो, आणि या दोन स्थितींमध्ये काही अवधी असतो ही कल्पना त्या हिशेबास आवश्यक नसते. मोजणीच्या दृष्टीने हे योग्यच होय. परंतु हडपसरच्या माळावर ज्या महिन्यांत प्रेते मोजली जात होती, त्याच महिन्यांच्या आगेमागे युरोपात या दोन रकान्यांच्या मध्ये तिसरा रकाना उघडला जात होता. दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध मुळीच नाही. वर्ष मात्र एकच आहे, आणि पुढे मराठी भाषेला त्या तिसऱ्या रकान्यातील गोष्टी स्वतःच्या शब्दांत सांगाव्या लागल्या, म्हणून ही जोडणी येथे केली आहे.

लुइजी गॅल्व्हानी या बोलोन्याच्या शरीरशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये बेडकांवरील प्रयोगांचा प्रबंध प्रसिद्ध केला. मेलेल्या बेडकाच्या मांडीतील मज्जातंतूस व स्नायूस दोन धातूंच्या जोडाने स्पर्श केला असता पाय झटका देतो, हे त्याने दाखविले. वीज प्राण्याच्या शरीरातच असते, असा त्याचा निष्कर्ष होता. ती धातूंच्या संयोगातून येते, असे व्होल्टाचे म्हणणे होते. आणि ते सिद्ध करताना त्याने १८०० मध्ये विद्युत्-चिती निर्माण केली. या वादात दोघेही अंशतः बरोबर होते, हे आज सर्वमान्य आहे. येथे महत्त्वाचे ते असे की, व्होल्टाच्या चितीमुळे अखंड वाहणारा विद्युत्-प्रवाह प्रथमच प्रयोगकर्त्यांच्या हाती आला आणि तो त्यांनी ताबडतोब माणसांच्या प्रेतांवर लावला. गॅल्व्हानीचा भाचा जोव्हान्नी अल्दीनी याने १८०२ च्या आरंभी बोलोन्या येथे शिरच्छेद झालेल्या गुन्हेगारांवर प्रयोग केले. जानेवारी १८०३ मध्ये लंडनला न्यूगेट तुरुंगात फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टर याच्या प्रेतावर त्याने प्रयोग केला, तेव्हा जबडा थरथरला, एक डोळा उघडला आणि हाताची मूठ वळली. पाहणाऱ्यांना प्रेत उठते की काय असे वाटले. ही हकीकत आजवर पुष्कळदा रंगवून सांगितली गेली आहे, आणि तिच्या रंगामुळेच तिचा खरा आशय झाकला जातो. अल्दीनीने प्रेत जिवंत केले नाही. विजेला उत्तर देण्याची शक्ती देहदंडानंतर काही तास टिकते, एवढेच त्याने दाखविले.

ही शक्ती कोणत्या अवयवात किती वेळ टिकते, हा नेमका प्रश्न पॅरिसच्या प्येर-उबेर निस्तें याने विचारला. फ्रेंच क्रांतीच्या पंचांगाच्या अकराव्या वर्षी, म्हणजे सप्टेंबर १८०२ पासून सुरू होणाऱ्या वर्षात, त्याचा ग्रंथ निघाला. मनुष्य व इतर तांबड्या रक्ताचे प्राणी यांच्या स्नायूंची, विद्युत्-उत्तेजनक्षमता किती काळ टिकते या निकषावर, त्याने चढती मांडणी केली. हृदयाच्या डाव्या जवनिकेची शक्ती प्रथम नष्ट होते, ऐच्छिक स्नायूंची बरीच मागाहून, आणि हृदयाच्या उजव्या अलिंदाची सर्वांच्या शेवटी, असा त्याचा क्रम होता. उजवे अलिंद सर्वांत शेवटी मरते हे हार्वे यानेही पूर्वी नोंदविले होते. हृदयासारख्या अनैच्छिक स्नायूवर विजेचा परिणाम होतो की नाही याविषयी त्या काळी वाद होता; निस्तेंचे उत्तर ठामपणे होकारार्थी होते. याच निस्तेंने १८११ मध्ये मरणोत्तर ताठरतेचा क्रमही सांगितला : प्रथम जबडा व मान, नंतर धड व हात, शेवटी पाय. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत हा क्रम आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. विजेचे उत्तर बंद होणे आणि अंग ताठणे, या दोन घटना एकाच माणसाच्या लेखणीतून इतिहासात आल्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

निस्तेंच्या मांडणीमागे आणखी जुना भेद आहे. आल्ब्रेख्त फॉन हालर याने १७५२ मध्ये शरीरातील भागांची विभागणी त्यांच्या आकारावरून न करता त्यांच्या प्रतिसादावरून केली. डिवचले असता जो आकुंचन पावतो तो उत्तेजनशील, म्हणजे मांसतंतू; आणि डिवचले असता ज्यामुळे वेदना होते तो संवेदनशील, म्हणजे मज्जातंतू. मरणानंतर या दोहोंची चाल वेगळी असते. मज्जातंतूवाटे दिलेली उत्तेजना प्रथम निकामी होते; मांसतंतूस प्रत्यक्ष दिलेल्या उत्तेजनेला तो तंतू त्यानंतरही कित्येक तास उत्तर देतो. खाटकाच्या दुकानात नुकत्याच कापलेल्या बकऱ्याच्या मांसाचा तुकडा आपोआप थरथरताना ज्याने पाहिला आहे, त्याने हीच गोष्ट उपकरणांवाचून पाहिली आहे. मेंदू तेथे नाही, मज्जारज्जूही तेथे नाही. तरी मांस उत्तर देते.

येथे मराठी भाषेच्या इतिहासाचा प्रश्न उपस्थित होतो. वरील सर्व विवेचनात ‘स्नायू’ हा शब्द मांसतंतूंच्या समूहासाठी वापरला आहे, आणि कोणाही मराठी वाचकास त्यात काही वावगे वाटणार नाही. परंतु हाच मजकूर बंगाली वाचकापुढे ठेवला तर त्याचा अर्थ उलटा होईल. बंगालीत ‘स्नायु’ म्हणजे मज्जातंतू, आणि हिंदीतही तो शब्द त्या अर्थी चालतो. उलट बंगालीत ज्याला ‘पेशी’ म्हणतात तो मराठीचा स्नायू. आणि मराठीत ‘पेशी’ म्हणजे जीवद्रव्याचा तो सूक्ष्म घटक, ज्यापासून स्नायूसह सर्वच अवयव बनतात. एका भाषेत मरणानंतर प्रथम निकामी होणारी वस्तू ज्या शब्दाने ओळखली जाते, त्याच शब्दाने दुसरीत मागाहून निकामी होणारी ओळखली जाते. ज्या विषयात या दोहोंचा क्रम हाच मुख्य मुद्दा आहे, त्यात हा केवळ शब्दांचा खेळ राहत नाही. जगदीशचंद्र बसूंच्या ‘अव्यक्त’ या बंगाली लेखसंग्रहात ‘स्नायु’ शब्द येतो तो मज्जातंतूच्या अर्थाने. मराठी विद्यार्थी तो जसाच्या तसा वाचू लागला तर प्रयोगच त्याला चुकीचा कळेल.

हा घोटाळा कोणा अनुवादकाच्या निष्काळजीपणाने झाला, असे म्हणणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. त्याचे मूळ सुश्रुतसंहितेत शोधावे लागते. सुश्रुताच्या शारीरस्थानात शरीरात ९०० स्नायु, ५०० पेशी व ७०० सिरा सांगितल्या आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसाचे पिंड, आणि स्नायु म्हणजे बांधणारे दोर. फळ्यांची नाव अनेक बंधनांनी घट्ट बांधली असता पाण्यात भार सहन करते, तद्वत शरीर स्नायूंनी बांधलेले आहे, असा दृष्टांत त्याने दिला आहे. हे वर्णन आकाराचे व बंधनाचे आहे, प्रतिसादाचे नाही. असे का, याचे उत्तरही त्याच अध्यायात मिळते. शवाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने ते गवत वगैरेंनी वेष्टून वाहत्या पाण्यात ठेवावे, आणि सात रात्रींनंतर बाहेर काढून वाळा, केस किंवा वेळू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासून त्वचेपासूनचे एकेक अंग पाहावे, असा तेथे विधी आहे. सात रात्रींनंतर कोणत्याही मांसात विजेला उत्तर देण्याची शक्ती उरत नाही; ताठरता येऊन गेलेली असते, आणि पेशींची पटले नष्ट झालेली असतात. सुश्रुताच्या अभ्यासकापुढे जे शरीर येत होते ते पूर्णपणे निरुत्तर झालेले शरीर होते. त्याने जे पाहिले ते विलक्षण अचूकपणे पाहिले, पण डिवचल्यावर कोण हलते आणि कोण हालवते हा प्रश्न त्याच्या पद्धतीत उद्भवूच शकत नव्हता. हालरचा भेद सांगण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील भारतीय भाषांनी सुश्रुताचे शब्द घेतले, तेव्हा निरुत्तर शरीराची परिभाषा उत्तर देणाऱ्या शरीरास लागू झाली. ‘दोर’ हा अर्थ मज्जातंतूलाही लागतो आणि हालवणाऱ्या मांसालाही. बंगालीने एक निवडला, मराठीने दुसरा. मराठीने मज्जातंतूसाठी स्वतंत्र जोडशब्द केला आणि ‘पेशी’ मोकळी ठेवली. ती पुढे सूक्ष्मदर्शकातील घटकास मिळाली. परिणामी मराठीत तीन वस्तूंना तीन निःसंदिग्ध शब्द आहेत. मूळ अर्थाची शुद्धता राखण्याचा आग्रह धरणाऱ्यांना ही निवड खटकते, परंतु विषयाच्या दृष्टीने ती सोयीची ठरली आहे.

या परिभाषेस आकार येण्यासाठी मराठीतून वैद्यक शिकविण्याची गरज निर्माण व्हावी लागली. मुंबईत डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली १८२६ मध्ये देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी शाळा निघाली व १८३२ मध्ये ती बंद झाली. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले, ते इंग्रजीचे. पुण्याच्या बैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळेचे १८७० च्या दशकापासूनचे कार्य आणि १९४६ मध्ये तिचे महाविद्यालयात झालेले रूपांतर हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. येथे एक अपवाद मात्र नोंदविला पाहिजे. हडपसरची लढाई झाली त्या वर्षी मराठी भाषेचे आणखी एक राजपीठ कावेरीकाठी होते. तंजावरचे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) हे वैद्यक व विज्ञान यांचे निष्ठावंत अभ्यासक. त्यांच्या संग्रही विद्युत्-यंत्र, वायुपंप आणि मानवी सांगाड्याची प्रतिकृती होती, आणि १८२६ मध्ये त्यांस भेटलेल्या बिशप हेबर यांनी त्यांच्या तोंडी लाव्हाझिये, लिनीअस व ब्युफाँ यांची नावे सहज येत असल्याचे नमूद केले आहे. पुण्याच्या दरबारात जे वर्ष पलायनाचे ठरले, त्या सुमारास तंजावरच्या मराठी दरबारात वीज कुतूहलाचा विषय झालेली होती. पेशवाईच्या अखेरीवरून सगळ्या मराठी समाजाच्या जिज्ञासेचे माप काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

निस्तेंने वेळ मोजली, कारण मात्र त्याला सांगता येणे शक्य नव्हते. ते सांगण्यास सुमारे दीडशे वर्षे लागली. १८४० च्या दशकात मात्तेउच्ची व द्यु ब्वा-रेमाँ यांनी स्नायूच्या जखमी व अखंड भागांत विद्युत्-प्रवाह वाहतो हे मोजून दाखविले. गॅल्व्हानीचे म्हणणे अशा रीतीने अंशतः परत आले. मरणोत्तर स्नायूत आम्ल साठते हे द्यु ब्वा-रेमाँ यांनीच १८५९ मध्ये सांगितले. हडपसरच्या लढाईनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९०२ मध्ये, दोन महत्त्वाच्या गोष्टी झाल्या. युलिउस बेर्नश्टाइन याने असे प्रतिपादिले की, पेशीचे पटल विश्रांत अवस्थेत मुख्यतः पोटॅशियमच्या कणांना वाट देते, आणि त्यामुळेच पेशीच्या आत-बाहेर विद्युत्-दाबाचा फरक राहतो. त्याच वर्षी जगदीशचंद्र बसूंचा सजीव व निर्जीव यांच्या प्रतिसादांवरील इंग्रजी ग्रंथ निघाला. स्नायू, वनस्पती व धातू यांच्या विद्युत्-प्रतिसादांच्या रेषा एकमेकांसारख्या दिसतात, आणि विष दिल्यावर त्या मंदावतात, हे त्यांनी दाखविले. बसूंच्या निष्कर्षांस शरीरशास्त्रज्ञांनी मोठा विरोध केला, आणि धातूंसंबंधीच्या त्यांच्या अनुमानाचा पुढे स्वीकार झाला नाही. तथापि, विद्युत्-प्रतिसाद हे जीवनाचे मोजमाप मानावे ही त्यांची दृष्टी निस्तेंच्याच परंपरेतील होती.

आज या घटनाक्रमाचे चित्र पुरेसे स्पष्ट आहे. जिवंत कंकालस्नायूच्या पेशीत आतील बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ९० मिलिव्होल्टने ऋण असते. सोडियम बाहेर व पोटॅशियम आत ठेवणारा जो पंप हा फरक टिकवतो, त्याला ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट या द्रव्याची ऊर्जा लागते. रक्ताभिसरण थांबले की प्राणवायू संपतो. पेशी काही काळ साठविलेल्या ग्लायकोजेनवर निभावून नेते, त्यातून लॅक्टिक आम्ल साठते, आणि सुमारे ७ असलेले पी-एच मूल्य बहुधा ५.५ च्या आसपास उतरते. ऊर्जा कमी होत जाते तसा पंप मंदावतो, पोटॅशियम बाहेर झिरपतो, आणि आत-बाहेरचा फरक ओसरतो. या काळात स्नायू उत्तर देतो, पण प्रत्येक वेळी अधिक जोराचा विद्युत्-धक्का लागतो. पुढे उत्तर सर्व स्नायूभर पसरत नाही. जेथे धक्का बसला तेथेच मांस आखडते. ऊर्जाद्रव्य फारच कमी झाले की ॲक्टिन व मायोसिन या तंतूंची पकड सुटत नाही, आणि ताठरता येते. ताठरतेचा संबंध या द्रव्याच्या ऱ्हासाशी आहे, हे १९४३ मध्ये हंगेरीत एर्देश याने दाखविले.

यानंतरची अवस्था प्रतिसादाची नसून केवळ रोधाची आहे. जिवंत स्नायू म्हणजे खारट पाण्यात शेजारी शेजारी ठेवलेल्या लांब, विद्युत्-रोधक पिशव्यांची मोळी. कमी वारंवारतेचा प्रवाह पिशव्यांच्या बाहेरून वळसा घेऊन जातो. अधिक वारंवारतेचा प्रवाह पटलातून आरपार जातो, कारण पातळ पटल धारित्राप्रमाणे वागते. म्हणून जिवंत स्नायूचा रोध कमी वारंवारतेस अधिक व जास्त वारंवारतेस कमी असतो, आणि तंतूंच्या दिशेने तो आडव्या दिशेपेक्षा कमी असतो. मरणानंतर पेशी प्रथम फुगतात. त्यांमधील खारट पाण्याची वाट अरुंद होते आणि रोध काही काळ वाढूही शकतो. मग पटले फाटू लागतात, आतले-बाहेरचे पाणी एक होते, आणि रोध उतरतो. दोन वारंवारतांमधील अंतर व दोन दिशांमधील फरक हळूहळू पुसट होतात. मांस व मासे किती ताजे आहेत हे ओळखणारी काही उपकरणे याच तत्त्वावर बनविलेली आहेत. सुश्रुताच्या सात रात्रींच्या शेवटी जे शरीर उरत असे, ते या दृष्टीने जवळजवळ एकजिनसी खारट पदार्थ होय.

न्यायवैद्यकात याचा उपयोग मृत्यूची वेळ ठरविण्यासाठी होतो. जर्मन अभ्यासकांनी पापणीजवळच्या स्नायूस विद्युत्-उत्तेजना देऊन उत्तराच्या सहा पायऱ्या ठरविल्या. संपूर्ण चेहऱ्याच्या अर्ध्या भागात उत्तर मिळाले तर मृत्यूस साधारण १ ते ६ तास झालेले असतात. केवळ वरच्या पापणीचा एक भाग हलला तर ५ ते २२ तास. हे पल्ले मोठे आहेत, आणि ते थंड हवामानातील आहेत, ही मर्यादा विसरता कामा नये. जयसिंग मोदी यांच्या १९२० मध्ये प्रथम निघालेल्या न्यायवैद्यकाच्या ग्रंथात उत्तर भारतात ताठरता हिवाळ्यात २४ ते ४८ तास, तर उन्हाळ्यात १८ ते ३६ तास टिकते, असे सांगितले आहे. ऋतूप्रमाणे मृत्यूनंतरचे घड्याळ इतके बदलत असेल, तर पॅरिस किंवा लंडनच्या जानेवारीत ठरलेले तास पुण्याच्या एप्रिलमध्ये लावता येणार नाहीत. शवविच्छेदनाच्या अहवालावर ज्यांचे स्वातंत्र्य अवलंबून असते अशा आरोपींच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक नव्हे.

शेवटी तिसऱ्या रकान्याचा प्रश्न कायद्यात आला, तो उलट्या दिशेने. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा केंद्रीय कायदा १९९४ चा. आरंभी तो ज्या राज्यांस लागू झाला त्यांत महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश ही होती. या कायद्याने मस्तिष्कस्तंभाचे कार्य कायमचे व अपरिवर्तनीयपणे थांबणे म्हणजेही मृत्यू, असे मानले. चार वैद्यकांच्या मंडळाने तो प्रमाणित करावयाचा असतो, आणि तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दुसऱ्यांदा कराव्या लागतात. निस्तेंच्या प्रेतात माणूस मृत होता आणि स्नायू काही काळ मागे राहिले होते. येथे माणूस कायद्याने मृत आहे, पण कृत्रिम श्वसनामुळे त्याचे सर्व स्नायू पूर्णपणे जिवंत आहेत. त्यांच्या पेशींचे ९० मिलिव्होल्ट शाबूत आहेत. मज्जारज्जूतील प्रतिक्षेपामुळे अशा रुग्णाचा हात क्वचित आपोआप उचललाही जातो. खाटेजवळ उभ्या असलेल्या नातेवाइकाला तो हात दिसतो, आणि त्याच सुमारास त्याच्याकडे अवयवदानाची संमती मागितली जाते.

या प्रसंगी मराठीत काय सांगितले जाते, याकडे भाषाभ्यासकांनी लक्ष द्यावयास हवे. ‘मेंदू मृत’ हा शब्द वृत्तपत्रांनी रुळवला आहे, परंतु ‘मृत’ हे विशेषण तेथे मेंदूस लागते की माणसास, हे त्यातून उमगत नाही. दुसरीकडे मराठीत ‘धुगधुगी’ असा एक जुना, ध्वनीवरून बनलेला शब्द आहे. तो छातीतील शेवटच्या हालचालीचा, ठार व जखमी यांच्या मधल्या अवस्थेचा शब्द आहे. हलणारा हात पाहून नातेवाईक ‘अजून धुगधुगी आहे’ असे म्हणतो, तेव्हा स्नायूपुरते तो अगदी बरोबर सांगत असतो. ती धुगधुगी स्नायूची आहे व मज्जारज्जूची आहे, माणसाची नाही, हे त्याला सांगावयाचे तर वैद्याजवळ ‘स्नायू’, ‘मज्जातंतू’ व ‘पेशी’ हे तीन शब्द वेगवेगळे असावे लागतात. मराठी वैद्याजवळ ते आहेत. हडपसर आता पुणे शहराचाच एक भाग आहे. कारखाने, वसाहती आणि रुग्णालये यांनी तो माळ भरून गेला आहे, आणि १८०२ मध्ये जेथे प्रेते दोन रकान्यांत मोजली गेली त्या परिसरातील रुग्णालयांच्या अतिदक्षता कक्षांतही हे संभाषण मराठीतच करावे लागते.